देल्मोचे नवे बूट

ग्लास भरा आणि गप्प बसा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये हसलात तर मी गोष्ट अर्धी टाकून उठेन.

माझा शेजारी देल्मो नदीकाठच्या उमरावांच्या वाड्यात पहारेकरी होता. उमराव कधीच गेले. आता तिथे तिकीट लावून त्यांचं सामान दाखवतात, नि सणासुदीला गाणंबजावणं. दोन हजार चोवीसच्या एक नोव्हेंबरला, शुक्रवारी, असाच कार्यक्रम झाला. देल्मोने एकट्याने दोनशे खुर्च्या मांडल्या, दोनशे उचलल्या. नव्या बुटांनी टाचा सोललेल्या. पेन्शनला दोन महिने राहिलेले.

"पुन्हा कुठे टेकलेला दिसलास तर घरी बसवीन," जाताना त्रावेर्सीबाई म्हणाल्या. वाड्याचा कारभार त्यांच्याकडे.

"घरीच बसायचंय, बाई. पण पेन्शन घेऊन."

ती रात्र आमच्याकडे मेलेल्यांची. घरोघर त्यांच्यासाठी पाण्याचा जग भरून ठेवतात, आणि पहाटे चारच्या आत उठून बिछाने नीट करून रिकामे सोडतात. लांबून चालत येतात बिचारे, घटकाभर पडू द्यावं. देल्मो घरचा पलंग आवरूनच कामावर आला होता. वाड्यातला पलंग मात्र त्याच्या ध्यानात आला नाही. ते काय, प्रदर्शनातलं सामान.

पावणेचारला पाय उचलेनासे झाले. पलंगाभोवतीची दोरी ओलांडून, बूट काढून तो उमरावाच्या पलंगावर आडवा झाला. पाचच मिनिटं, म्हणाला.

चर्चच्या घंटेचे चार टोले पडले.

मग जिन्यावर पावलं. अनवाणी. दमलेली... दर पायरीला थांबणारी.

त्याला वाटलं, बाई आल्या. गेली पेन्शन.

दार वाजलं नाही. पलंगाची दुसरी कड खचली. कुणीतरी सुस्कारा सोडला... दिवसभर राबून आलेलं माणूस सोडतं, तसा.





मग एका गार हाताने त्याला हलकेच बाजूला सारलं. जागा कर, एवढंच.

देल्मो अनवाणीच पळाला. फाटक ओढून घेतलं तेवढंच.

उजाडल्यावर आठवलं, बूट तिथेच. आठला बाई येणार. लंगडत परत गेला. दोरी जागेवर, चादरीवर सुरकुती नाही, बूट पलंगापाशी जोडीने ठेवलेले. बाई आल्या तेव्हा ते त्याच्या पायात होते. पेन्शन अजून खातोय.

ते बूट मी त्याच दिवशी हातात घेऊन पाहिलेत. आठवड्यापूर्वीच घेतलेले, नवेकोरे. तळ झिजून आरपार भोकं पडलेली, आणि आत ओली माती.