हाडाची टोचणी

आदिमानव दगडाचं पातं कसं घडवायचा, हे शाळेच्या प्रदर्शनात मुलांना करून दाखवायचं, असं पेणच्या अमीना आणि मालू या दोघी शिक्षिकांनी ठरवलं होतं. हत्यारंही रानातलीच, लोखंड अजिबात नाही! म्हणून १९८८च्या जानेवारीत, एका रविवारी, दोघी गडब गावामागच्या डोंगरात शिरल्या. पिशवीत गारगोट्या जमल्या. ओढ्यात मेलेल्या गुराचं हाडही मिळालं.

तेवढ्यात मालू किंचाळली. रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत तिचा पाय अडकला होता! ती उतारावरून घसरली, तशी झाडाला बांधलेली नायलॉनची दोरी ताठ झाली आणि घोट्यात रुतली. अमीनाने तिला खांद्याने रेटून वर ढकललं. दोरी सैल पडली, पण फास सुटेना.

"काय झालं गो?" मालूने विचारलं.

"गाठ मांसात गेलीय. नखाला लागत नाय."

अमीनाने दातांनी ओढून पाहिलं. ओठ फाटला. हाका मारल्या, उत्तर आलं ते खालच्या हमरस्त्यावरच्या हॉर्नचं. मालूचं पाऊल निळं पडू लागलं.

"गावातून कुणाला आणू?"

"नको! मला एकटीला टाकून जाऊ नको गो!"

अमीनाने हाताला आलेला दगड गारगोटीवर हाणला. दगडच फुटला! मग ओढ्यातून गोल, जड गोटा आणला. गारगोटीचा चुरा झाला. दुसरीचाही. पुढच्या घावात अंगठा चेचला, आणि तिला रडूच फुटलं. फळ्यावर हे सगळं किती सोपं दिसायचं!

अखेर एक पातळ ढलपी निघाली. पण तिची धार नायलॉनवरून नुसती घसरत होती. दाते हवेत, करवतीसारखे! हाडाचं टोक खडकावर घासघासून तिने टोचणी केली. ढलपी ओढणीच्या घडीवर धरून कडेवर टोचणी दाबली. टिक! कपची उडाली, एक दाता पडला. टिक!

"अमीना, पाय हाय का नाय तेच कळत नाय मला," मालू पुटपुटली.

अमीना घोट्यावरचा फास कापत सुटली. एक पीळ तुटला. पातं मोडलं! उरलेल्या तुकड्याने ती खरडत राहिली, बोटं रक्ताने निसरडी झाली, आणि फास सुटला.

पाऊल तसंच पडून राहिलं, लाकडासारखं. अमीना चोळत राहिली. काहीच होईना.

अचानक मालूने बोंब ठोकली. "मेले! दुखतंय गो!"

"दुखू दे!" अमीना रडता रडता हसू लागली. "अजून ओरड!"

पिशवी तिथेच टाकून, मालूला पाठुंगळी घेऊन ती रस्त्याकडे उतरू लागली.