सात नंबरचा दिवा

सत्त्याऐंशी सालातली गोष्ट. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पेपरमिंटच्या गोळ्यांचा एक कारखाना होता. रस्त्याच्या वळणावरूनच त्याचा वास यायचा — गार, गोड, डोळ्यांत पाणी आणणारा. तेवीस वर्षांची सुलक्षणा परब घाटकोपरच्या भटवाडीतून बसने तिथे पहिल्यांदा उतरली, तेव्हा तिच्या खांद्याच्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर होते आणि छातीशी धरलेल्या खोक्यात एक इनपुट कार्ड. वहीएवढं, परदेशातून आलेलं.

गोळ्या कागदात गुंडाळणाऱ्या यंत्राला नवीच कंट्रोल सिस्टीम लावली होती. यंत्रावरचे स्विच काय सांगताहेत ते सिस्टीमला कळायचं अशा कार्डातून. यंत्र वाढवलं होतं, म्हणून आणखी एक कार्ड बसवायचं, सोळा तारा जोडायच्या आणि परत यायचं. तिच्या कंपनीचे मालक श्यामकांत सर म्हणाले होते, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

तिने पॅनलचं दार उघडून हात पुढे केला, तोच मागून आवाज आला.

"थांबा, मॅडम. मेन बंद केलाय कुणी?"

खाकी शर्टातला एक उंच, सावळा तरुण पुढे आला. त्याने मेन पाडला, तिन्ही फ्यूज उपसले, वरच्या खिशात टाकले आणि खिशाचं बटण लावलं.

"तुमचा हात आत आहे तोवर हे इथेच," तो म्हणाला. "मॅनेजरनी मागितले तरी देणार नाही."

हा ऑगस्टीन परेरा, कारखान्याचा इलेक्ट्रिशियन. जवळच कोंडिविट्याच्या गावठाणात आईबरोबर राहायचा. बाईमाणूस पॅनल उघडतंय म्हणून बाकीचे कामगार बघायला जमले होते. त्याने त्यांना एका नजरेत पांगवलं आणि स्वतः मात्र तिथेच उभा राहिला. सुलक्षणाला ते जाणवत होतं. कार्ड खाचेत सरकवताना तिचे हात उगाचच जास्त सावध झाले.

तारा जोडून झाल्या, तेव्हाच त्याने फ्यूज परत बसवले. मग चाचणी. ऑगस्टीन हॉलच्या दुसऱ्या टोकाला, यंत्रापाशी, एकेक स्विच दाबणार. इकडे कार्डावरचा त्या नंबरचा इवलासा लाल दिवा लागला की सुलक्षणा ओरडून सांगणार. एक आला, दोन आला… सहापर्यंत सगळं शिस्तीत. सातवा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला.

"सात आला," ती ओरडली. "एकदाच दाबा."

"खात्री करून घेतो, मॅडम," तिकडून उत्तर आलं. आणि सातवा दिवा आणखी एकदा मिचकला.

पॅनलच्या दाराआड सुलक्षणाला हसू आवरेना.

त्या संध्याकाळी तिच्या ओढणीला, केसांना पेपरमिंटचा वास होता. वडील, अनंत परब, गिरणीच्या संपानंतर घरीच असायचे. ते म्हणाले, आज काय दवाखान्यात गेली होतीस काय.

पुढच्याच बुधवारी कारखान्याचा फोन आला. सात नंबरचा दिवा लागत नाही, यंत्र अडून बसलंय. सुलक्षणा गेली. तार सैल झाली होती. तिने स्क्रू आवळला. पाच मिनिटांचं काम, पण चहा आला, चहाबरोबर गप्पा आल्या. त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. आणि त्याच्याही पुढच्या. एव्हाना 'मॅडम' जाऊन 'सुलक्षणा' आलं होतं, 'तुम्ही'चं कधी 'तू' झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. ती त्याला आपल्या कणकवलीकडच्या गावाबद्दल सांगायची, तो तिला आपल्या बापाच्या भातशेतीबद्दल, जिच्यावर आता दुसऱ्याच कुणाचा कारखाना उभा होता. बुधवार उजाडला की ती मोरपंखी ओढणी कपाटातून काढायची आणि मग आपली आपणच लाजायची.

चौथ्या बुधवारचा फोन आला तेव्हा मात्र श्यामकांत सरांनी तिला समोर बसवलं. कारखान्याने लेखी तक्रार केली होती. पुन्हा एकदा असं झालं तर साइटवर दुसऱ्याला पाठवावं लागेल, म्हणाले, आणि मग तुझं काय करायचं ते मलाच ठरवावं लागेल. आवाज चढवला नाही त्यांनी. घरात तिचा एकटीचाच पगार येत होता.

बसमध्ये तिचं डोकं चालू झालं. बुधवारीच का? नेहमी सातच का? त्याच सातव्या दिव्याशी तर तो पहिल्या दिवशी खेळला होता… उत्तर तिला एकच सुचत होतं. त्या उत्तराने एका बाजूने संताप येत होता आणि दुसऱ्या बाजूने — नको, त्याचा विचारच नको.

ऑगस्टीन पॅनलपाशी उभाच होता. तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"तू मुद्दाम सैल करतोस ना? मी यावं म्हणून?"

त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम," तो म्हणाला, "दहा वर्षं हे काम करतोय मी. चालत्या यंत्राशी असला खेळ करीत नाही. तुम्ही बघा काय बघायचं ते."

त्या 'मॅडम'ने तिला चटकाच बसला. तो निघून गेला. ती एकटीच पॅनलचं ड्रॉइंग उलगडून बसली, एक अक्षर कळेना. तीनच्या सुमाराला तो परत आला आणि न बोलता पॅनलच्या बंद दारावर तळहात ठेवून उभा राहिला.

"इथे हात ठेवा."

तिने ठेवला. पत्रा थरथरत होता. भिंतीपलीकडे साखर दळायची चक्की होती. आठवड्याची पिठीसाखर बुधवारी निघायची. तिचा हादरा भिंतीतून थेट पॅनलमध्ये येत होता. दोघांचे हात शेजारी शेजारी थरथरत होते, आणि ते काढून घ्यायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

"पण मग सातच का?" तिने विचारलं.

त्याने फ्यूज काढून खिशात ठेवले. तिने सातवी तार सोडवून उजेडात धरली. बाकी पंधरा तारांच्या टोकांवर तांब्याच्या टोप्या दाबून बसवलेल्या होत्या, हिचं टोक उघडंच, म्हणून हादऱ्याने तीच सुटायची. पहिल्या दिवशी एक टोपी कमी पडली होती. नंतर बसवू म्हणून तिनेच ती तशी आवळली होती आणि साफ विसरून गेली होती.

सुलक्षणा मटकन स्टुलावर बसली. ऑगस्टीनने स्वतःच्या डब्यातून एक टोपी शोधून तिच्या हातावर ठेवली आणि हळूच म्हणाला, की रिपोर्टात माझं नाव लिही, इलेक्ट्रिशियनकडून सैल राहिली म्हण. मी इथे कायम आहे, मला कोण काढतंय. तिने नकारार्थी मान हलवली. टोपी दाबून बसवली, तार आवळली, आणि रिपोर्टात स्वतःची चूक स्वच्छ अक्षरात लिहिली. ती वाचून श्यामकांत सर दुसऱ्या दिवशी तासभर बोलले. नोकरी मात्र राहिली.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी तो तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. आता तिथे काही बिघडणार नव्हतं, हे दोघांना कळत होतं.

"मी चुकले," ती म्हणाली. "रागावलास?"

"रागावलो ना. तुला वाटलंच कसं?"

"वाटलं नाही रे…" तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला मनातून हवं होतं, की तूच करत असावास. तू केलं नाहीस हे कळलं ना — तेव्हा खरं वाईट वाटलं."

ऑगस्टीनला समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर तो रस्त्याकडे बघू लागला, आणि त्याचे कान लाल झाले.

"तारेला हात नाही लावला मी. शपथ. पण बुधवारी सकाळी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जातो ना… तिथे मागायचो."

"काय?"

"आज सात नंबर बिघडू दे."

सुलक्षणा हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. पेपरमिंटनेही डोळ्यांत पाणी येतं, असं काहीसं तिने सांगितलं. समोरून घाटकोपरची बस आली. ती चढली नाही.

पुढे दोन्ही घरांना तयार करण्यात दोन वर्षं गेली. कोंडिविट्यात ऑगस्टीनची आई, आयडाबाई, रुसल्या, भटवाडीत अनंतराव महिनाभर जेवताना बोलले नाहीत. तेही सारं पार पडलं. आज दोघांचे केस पांढरे आहेत, आणि त्या संध्याकाळचा विषय निघाला की भांडण ठरलेलं असतं. सुलक्षणाबाई म्हणतात, आम्ही दोन बस सोडल्या. ऑगस्टीन तेवढ्यापुरता पेपर खाली ठेवतो.

"सहा," तो म्हणतो. "मी मोजत होतो."