आठ खुर्च्यांची खानावळ

परदेशात अनोळखी माणूस आपल्या भाषेत बोलायला लागला, की आधी पर्स चाचपावी आणि मग हसावं, असा तिचा नियम होता. त्या दुपारी मात्र तिला हसायला उसंतच मिळाली नाही.

"तिथे नका बसू... ती खुर्ची पोस्टमनची आहे."

ती अर्धी बसली होती, तशीच उठली. पर्स चाचपली. बाहेर भुरभुर पाऊस, केसांतून पाणी ठिबकतंय, सकाळपासून पोटात दोन बिस्किटं. आणि समोर बाह्या दुमडलेला, ॲप्रन बांधलेला एक उंच माणूस तिला चक्क मराठीत खुर्चीवरून उठवत होता!

"मी मराठी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"दारात फोनवर 'जेवते गं आई, जेवते' म्हणालात ना. इतकं वैतागून फक्त आपल्याकडच्या मुलीच जेवतात."

आता यावर कुणीही हसलं असतं. ती हसली नाही, कारण ती कामावर होती.

परदेशात गेल्यावर कुठे खावं, काय प्यावं, काय पाहावं, हे सांगणारी जाडजूड पुस्तकं असतात ना, तशा एका पुस्तकाची ती तपासनीस होती. ओळख न देता जायचं, खायचं, प्यायचं, भटकायचं आणि खरं काय ते लिहायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, काय मजा आहे बुवा! पण गेल्या वर्षी नदीकाठच्या एका देखण्या हॉटेलमालकाने तिला खिडकीजवळची जागा दिली होती, डोळ्यांत डोळे घालून गप्पा मारल्या होत्या. हिने भाळून चार ओळी कौतुकाच्या लिहिल्या. पुढे वाचकांची पत्रं आली आणि सगळ्या पत्रांत पोटदुखी होती. तो पठ्ठ्या तिला पहिल्याच दिवशी ओळखून होता म्हणे. त्यावर संपादकबाईंनी शांतपणे बजावलं होतं, "पुन्हा कुणाच्या गोड बोलण्याला भुललीस, तर कायमची कचेरीत बसून नकाशे तपासशील."

तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेली ही बया ताकही फुंकून पीत होती. नोकरी तर जपायची होतीच, पण त्या देखण्या माणसाने दिलेला चटका नोकरीपेक्षा खोल गेला होता, हे तिने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ती हात धुवायला म्हणून आत गेली, परत येऊन भिंतीकडच्या खुर्चीवर बसली. खानावळवाल्याने तिच्या हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा पातळ झालं.

"आज इथे नका जेवू," तो म्हणाला. "मासा कालचा आहे. पुलापलीकडे निळ्या दाराचं हॉटेल आहे, तिथलं सूप प्या."

मासा काचेमागे बर्फावर ठेवला होता. डोळे टपोरे, कल्ले लालभडक. कालचा? हा मासा तर सकाळी पोहत असणार! गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवणारा दुकानदार तिने आजवर पाहिला नव्हता. इथे काहीतरी पाणी मुरत होतं.

ती पुलापलीकडे गेली. सूप अप्रतिम निघालं, आणि तिचा संशय दुप्पट झाला. निळ्या दारवालीला तिने सहज म्हणून विचारलं, की तुमचा आणि त्या खानावळवाल्याचा काही घरोबा? ती कपाळाला हात लावून म्हणाली, "घरोबा? तो रोज पहाटे बाजारात माझ्या नाकासमोरून चांगला मासा पळवतो!"

म्हणजे दलाली नाही. मग काय?

संध्याकाळी पावणेपाचला ती त्याचं बिंग फोडायला परत गेली. दार उघडंच होतं. आत रोजची चार गिऱ्हाइकं आपापल्या खुर्चीत बसून होती, पुढ्यात रिकामे कप.

"कसं होतं सूप?"

"मीठ जास्त होतं."

"खोटं."

"...थोडंसं खोटं," ती म्हणाली आणि स्वतःवरच चिडली.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला टेकडीवरच्या बागेत पाठवलं. "बाकाच्या डावीकडे बसा, उजवीकडून नुसत्या टाक्या दिसतात." तिसऱ्या दिवशी बेकरीत. "पाव अकराला निघतो. पावणेअकराला रांगेत उभं राहा." दोन्ही वेळा तो खरा निघाला. दोन्ही वेळा साडेपाचला परत येऊन तिने त्याच्याशी भांडण काढलं, की टेकडी फार उंच आहे, पाव फार गरम आहे.

"गरम पावाची तक्रार?" तो फडकं खांद्यावर टाकत म्हणाला. "तुम्हाला खूश करणं मोठं अवघड काम आहे."

"तुम्हाला सांगितलंय कुणी करायला?"

"नाही ना... तेच तर."

तो असं काही बोलून स्वयंपाकघरात निघून जायचा आणि ही दारात उभी राहून छातीतली धडधड मोजायची. याला हवंय तरी काय? ती रात्री आईला फोनवर म्हणाली, "आई, त्याला माझ्याकडून काहीच नकोय."

"अगं बाई," आई म्हणाली, "मग तर जपूनच राहा."

चौथ्या दिवशी ती भर दुपारी पोचली आणि भिंतीकडच्या खुर्चीवर ठाण मांडून बसली. "आज मी इथेच जेवणार. मासा कालचा असो नाहीतर परवाचा!"

त्याने बाह्या आणखी वर दुमडल्या. मग तो आत गेला.

आठ खुर्च्या होत्या सगळ्या. पोस्टमन आपला रुमाल घरून आणायचा. शिवणकाम करणाऱ्या दोन बहिणी एका ताटात जेवायच्या आणि शेवटच्या घासावरून हुज्जत घालायच्या. म्हातारा घड्याळजी जेवताना कानातलं यंत्र काढून ठेवायचा. तिने पहिला घास घेतला आणि तिचे डोळेच मिटले. चार दिवस गावभर हिंडून खाल्लेलं सगळं या एका घासापुढे फिकं होतं. टेबलाखाली गुडघ्यावर वही उघडून ती भराभरा लिहू लागली.

"लिहू नका... प्लीज."

तिची पेन्सिल थांबली. तो समोर उभा होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. हात धुवायला गेलात आणि कोरडे हात घेऊन परत आलात. पुस्तकवाले नळ बघायला जातात, हात धुवायला नाही."

पुन्हा तेच! ती टेकडी, तो पाव, ते 'तेच तर'... सगळं नाटक. तिने वही मिटली, पर्स उचलली.

"कोपऱ्यावरची कॉफीवाली पाहिलीत?" तो घाईघाईने, सगळ्यांना कळेल अशा तिथल्या भाषेत म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी पुस्तकात तिचं नाव आलं. आता रस्त्यापर्यंत रांग असते. पोस्टमन वीस वर्षं तिच्याकडे बसायचा. एक दिवस त्याला बसायला जागाच मिळाली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही... मग तो इथे आला. माझ्याकडे आठ खुर्च्या आहेत हो. यांना आता मी कुठे पाठवू?"

ती उभीच राहिली.

"ते मी लिहिलं होतं," ती म्हणाली.

पोस्टमनने वळून तिच्याकडे पाहिलं.

"आणि तुम्ही," तिचा आवाज कापला, "तुम्ही चार दिवस मला गोड बोलून पिटाळत होतात."

"एक दिवस."

"काय?"

"पहिल्या दिवशी तुम्ही जावं म्हणून पाठवलं. नंतर..." त्याने मान खाली घातली. "नंतर तुम्ही साडेपाचला परत येऊन भांडावं म्हणून."

"हे खरं कशावरून?"

त्याने खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. तेवढ्यात पोस्टमनने रुमालाने तोंड पुसलं. "कशावरून काय? हे दुकान पाचला बंद होतं, पोरी. तू यायचीस म्हणून हा दार उघडं ठेवतो, आणि दुकान चालू दिसावं म्हणून आम्हाला बसवून ठेवतो. दोन दिवस झाले असं बसून. माझी पाठ गेली!"

बहिणींनी एकदम मान डोलावली. खानावळवाला कानापर्यंत लाल झाला होता, आणि तिच्या लक्षात आलं, की नदीकाठचा तो देखणा माणूस एकदाही लाजला नव्हता.

ती सावकाश खाली बसली. "पण जेवले म्हणजे नोंद करावीच लागते. लपवलं, तर नोकरी जाईल माझी."

"मग करा," तो म्हणाला. आवाज अगदी खोल गेला होता. "तुमची नोकरी घालवून मला खुर्च्या नकोत."

तिने पर्समधून छापील फॉर्म काढला. चव, स्वच्छता, वागणूक... एकेक रकाना ती खरा खरा भरत गेली. सगळीकडे पैकीच्या पैकी. तो समोर बसून प्रत्येक आकडा पडताना पाहत होता. शेवटच्या ओळीशी ती अडखळली आणि तिने कागद त्याच्याकडे फिरवला.

त्याने हळूच वाचलं. "तपासनिसाचा मालकाशी काही संबंध आहे का? असल्यास नोंद छापली जाणार नाही."

"मला खोटं लिहिता येत नाही," ती म्हणाली आणि 'होय'वर खूण केली.

"खाली संबंधाचं स्वरूप विचारलंय," तो म्हणाला.

"हो ना... ओळख लिहू?"

"ओळख तर पोस्टमनशीही आहे."

"मग तुम्हीच सांगा."

"एका माणसाला विचारल्याशिवाय कसं सांगू?"

"कुणाला?"

"तुला."

तिने त्याच्याकडे पाहिलं, सवयीप्रमाणे नीट, संशयाने, कुठे काही लपवलंय का ते शोधत. बराच वेळ शोधलं. काही सापडलं नाही. सकाळपासूनची पावसाची भुरभुर थांबली होती, आणि चारही जणांनी चमचे खाली ठेवले होते. घड्याळजीने तर कानातलं यंत्र परत बसवलं होतं.

"विचार मग," ती म्हणाली.