नांदुरीच्या घाटात टेकलेला पाय

आयुषनं मला पहिली हाक मारली ती ‘ताई’ अशी! दिंडोरी रोडवर माझ्या सायकलची चेन उतरली होती, हात काळेकुट्ट झाले होते, आणि मागून आवाज आला, “ताई, मदत करू का?”

“ताई असेल तुझ्या घरी!” मी तडकले.

“घरी नाहीये… म्हणून तर विचारलं,” तो हसला. आगाऊ कुठला!

तो आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपचा नवा ‘शेपूट’ निघाला. शेपटानं सगळ्यांच्या मागे राहायचं, दमलेल्यांना सांभाळायचं आणि कुणालाही ओलांडायचं नाही. मी कायम शेवटची. त्यामुळे आमची मैत्रीच तशी झाली — मी पुढे, तो मागे. चेहरा दिसायचा फक्त चहाच्या टपरीवर, आवाज मात्र दिवसभर पाठीशी.

“गिअर हलका करा, राणीसरकार!”

“गप रे… धाप लागलीये!”

अजूनही थंडीतल्या सकाळी द्राक्षांचे टेम्पो दिसले की तो आवाज कानात येतो, आणि मी उगाचच हसते.

माझा एकच हट्ट होता. नांदुरीहून सप्तशृंगी गडापर्यंतचा घाट एकदा तरी पाय न टेकता चढायचा. पाय टेकला की चढाई बाद, हा आमच्यातला कायदा. दरवेळी मी कुठेतरी टेकायचेच.

त्या फेब्रुवारीत टपरीवर आयुष म्हणाला, “एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून बदली झाली. पुढच्या सोमवारी चंद्रपूरला निघतोय.”

“मग येत्या रविवारी घाट चढूनच दाखवते तुला,” एवढंच बोलले. बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

रविवारी वणी मागे पडली, नांदुरी आली, घाट सुरू झाला. घाम डोळ्यांत उतरत होता, मांड्या पेटल्या होत्या, पण पाय टेकला नव्हता. माथा जवळ आला… आणि सगळ्यात खड्या वळणावर मागून आवाज आला.

“रोहिणी… समोर बसून मला हे जमायचं नाही. म्हणून मागूनच सांगतो. तू मला आवडतेस. लय आवडतेस. लग्न करशील माझ्याशी?”

अगं बाई! या माणसाला मुहूर्त सापडला तो भर चढावर! माझ्या तोंडून शब्द सोडा, हुंकारही फुटेना. नुसती धाप.

मग तो हळूच म्हणाला, “बरं… राहू दे. कळलं मला. पॅडल मार तू.”

काय कळलं? डोंबल कळलं! वर ग्रुपचे म्होरके नवनाथकाका सगळ्यांना घेऊन उभे असणार. हा त्यांच्यासमोर हसून दाखवणार, सोमवारी निघून जाणार, आणि विषय कायमचा मिटणार. मला रडूच आलं.

मी ब्रेक दाबला. पाय टेकला.

“अगं वेडी का तू? दोनच वळणं राहिली होती!” तो ओरडला. थांबला मात्र मागेच.

“पुढे… ये…”

“शेपटानं ओलांडायचं नसतं.”

“मग शेजारी ये ना, मूर्खा! हो म्हणायचंय मला… हो!”

तो शेजारी आला. भर रस्त्यात त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. लालबुंद झाला होता, आणि डोळे भरले होते.

लग्नाला आता बरीच वर्षं झाली. पाय तयार झालेत, सबंध घाट मी सहज चढू शकते. नवनाथकाका अजून चिडवतात, “रोहिणी, तुझी चढाई बादच बरं का!”

बादच राहू दे. ते वळण आलं की मी पाय टेकते, आणि मागून येणाऱ्याची वाट बघते.