बोरपाड्याचा तारपा

"बाय, माझी मेलेली बायको मला पाण्यातून बोलावते, असं लोक म्हणतात. खरं काय ते तू शोध."

डहाणूच्या खासगी तपासनीस निलम तांडेलच्या ऑफिसात जिव्या वरठा उभ्याउभ्याच बोलला. २०१६ चा मे महिना होता. उधव्याकडच्या धरणाचं पाणी इतकं उतरलं होतं की वीस वर्षं बुडालेला बोरपाडा बेटासारखा वर आला होता. पाडा बुडायच्या आधीच जिव्याची बायको शांती वारली होती. तिच्या नावाचा दगड तिथेच होता. जिव्याला एकदा तिथे जायचं होतं. पण पाड्यातून भर दुपारी तारपा, वारल्यांचा भोपळ्याचा पावा, वाजायचा, म्हणून कोणी होडी देईना. पावसाळ्यात पाडा पुन्हा बुडणार होता.

"मॅडम, भुताचा जबाब कसा घ्यायचा?" तिचा सहायक विनोद कुजबुजला.

"ऐकून. गाडी काढ."

बारा वाजता ती दोघं काठावर पोचली. दुर्बिणीतून पाडा दिसला: चिखलात घरांची जोती, एक पाटा, विहिरीचा कठडा. चूलसुद्धा जागच्या जागी. माणसं आत्ताच उठून गेल्यासारखी. जोत्यांच्या कोपऱ्यांत गोल खड्डे होते, ताज्या मातीचे.

अचानक तारपा घुमला. विनोदने निलमची बाहीच धरली. नाचणाऱ्यांच्या पायांचा ठेका, मग कोंबड्याची बांग. तारपा थांबला. पुन्हा वाजला. कोंबडा पुन्हा त्याच ठेक्यावर आरवला.

"मॅडम, भुतं कोंबड्या पाळतात?"

"बाही सोड. छान प्रश्न विचारलास."

काठावरच्या गावात तारपा एकट्या काळूकडे होता. त्याच्या तारप्यावर कोळिष्टकं होती.

"नवा भात यायच्या आधी तारपा? देव हाडं मोडील माझी! दिवाळीला वाजवला, तो शेवटचा. जतीनशेठचा मंडप होता, त्याचेच माईक."

तलासरीत जतीनच्या मंडपाच्या गोदामात गोणपाटाखाली काळे, जाड खांब होते. वरच्या टोकाला बेचकं. खालून पाणी झिरपत होतं.

"मंडपाचे नवे खांब. धुतलेत," जतीन म्हणाला. "त्या भुताच्या पाड्यात मी कशाला जाऊ?"

संध्याकाळी निलम हवालदार, जिव्या आणि काळूला घेऊन गोदामात परत आली.

"इथला माणूस मे महिन्यात तारपा फुंकणार नाही. कोंबडा दोनदा एकाच ठेक्यावर आरवला. म्हणजे ते रेकॉर्डिंग. दिवाळीला माईक कोणाचे होते, जतीनशेठ?"

"पण कशासाठी?" विनोदने विचारलं.

"जोत्यांच्या कोपऱ्यांतले खांब उपटायला! पाण्याखालच्या गाळात साग कुजत नाही, विकला की चांगला भाव येतो. लोक घाबरले की हा मोकळा. मंडपाच्या खांबाला बेचकं कशाला? बेचक्यावर घराची तुळई बसते. आणि धुतलेलं लाकूड मे महिन्यात तासाभरात वाळतं. हे आतपर्यंत भिजलंय."

जिव्याने एका खांबावर हात फिरवला. "हा माझा. ह्या खाचेला शांती कंदील टांगायची."

"स्पीकर विहिरीच्या कठड्याआड आहे," जतीन पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी काळूनेच होडी दिली. विनोदने वल्ही मारली. जिव्याने शांतीच्या दगडावरचा गाळ धुतला, शेंदूर लावला आणि तिथेच बसला. एक तास झाला. ऊन डोक्यावर आलं.

"बाबा, निघायचं का?" विनोदने हाक मारली.

"थांब रे! वीस वर्षांचं सांगायचंय तिला. आत्ता कुठे थोरल्याच्या लग्नापर्यंत आलोय."