धरणीचा वाटा

खामपुन मोटारसायकलवरून घसरला तो कुंपण मोडून थेट आरोग्य केंद्रातल्या सिस्टर वानिदाच्या मिरच्यांच्या वाफ्यात. गुडघा फुटला होता; पण खेन, म्हणजे त्याचा बांबूच्या नळ्यांचा बाजा, त्याने छातीशी धरून सुखरूप ठेवला होता. भरदुपारी तोंडाला तांदळाच्या दारूचा वास येत होता.

"बाजा वाचवलात, गुडघा नाही," पट्टी बांधताना वानिदा म्हणाली.

"गुडघा मला वाजवता येत नाही, सिस्टर."

तिला हसू आलं. ते तिने कापसाच्या डब्यात डोकावून लपवलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला, किती पिता? तो म्हणाला, ग्लास जितक्यांदा येईल तितकी. ते खोटं नव्हतं. ईसानात, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात, लग्न असो की मर्तिक, यजमान एकच ग्लास भरतो आणि तो सगळ्यांत फिरतो. नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. आणि खामपुन तर प्रत्येक लग्नात वाजवणारा.

दारू सोडवायला केंद्रात खाटा नव्हत्या. होत्या त्या मोजक्या, छोट्या भेटी. थोडं बोलायचं, पाय कुठे घसरतो ते शोधायचं आणि नकाराचा सराव करायचा. त्याचे हात कापत नव्हते, सकाळी उठल्याबरोबर त्याला लागतही नव्हती. एवढ्यावर भागेल असं तिला वाटलं.

सरावाला ग्लासात चहा असे.

"मी यजमान. घ्या."

त्याने घेतला आणि पिऊन टाकला. "तुमच्या हातून… नाही म्हणवत नाही."

"चुकलं. पुन्हा."

पुढेपुढे तो छान नकार देऊ लागला. बाहेर पाऊस पडत असायचा आणि भेट ठरल्यापेक्षा लांबायची. वानिदाला तो आवडायला लागला होता. हे तिला कळलं होतं आणि अजिबात पसंत नव्हतं.

शेवटची भेट झाली, आणि पाठोपाठ तिच्या धाकट्या भावाचं लग्न आलं. वाजवायला बाबांनी खामपुनलाच बोलावलं. ग्लास नाकारणाऱ्याशी बाबा वर्षभर बोलत नसत. खामपुन प्यायला, तर यापुढे त्याचे फक्त गुडघे बांधायचे, असं वानिदाने ठरवून टाकलं. नाही प्यायला तर बाबा त्याला दारात उभं करणार नव्हते. मांडवाच्या खांबाला टेकून ती बघत राहिली.

बाबांनी ग्लास भरून पुढे केला. खामपुनने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. पिण्याआधी थेंबभर जमिनीवर सांडायची रीतच आहे, धरणीमातेचा वाटा म्हणून. त्याने सांडायला सुरुवात केली… आणि थांबलाच नाही. ग्लास रिकामा झाला.

"सगळी तिलाच?" बाबांनी विचारलं.

"माझा वाटाही हल्ली तीच घेते, काका."

बाबा ओल्या मातीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाईला चांगली पचते म्हणायची." आणि चिकट भाताची टोपली त्यांनी त्याच्याकडे सरकवली.

हे वानिदाने शिकवलं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला. ती स्वयंपाकघरात गेली, चहा ओतला आणि मांडवामागे, खेन पुसत बसलेल्या खामपुनसमोर ग्लास धरला.

"नको, आभारी आहे, मला—" सवयीने तो म्हणाला.

"हा सरावाचा नाही."

त्याने वर पाहिलं. "भेटी तर संपल्या ना, सिस्टर?"

"त्या संपल्या. आणि सिस्टर केंद्रात. इथे वानिदा."

त्याने ग्लास घेतला. चहा बराच गरम होता, तरी फुंकर न घालता तो तळापर्यंत प्यायला.

"आणि धरणीला?" तिने विचारलं.

"यातलं तिला काही मिळणार नाही."