पॉइंट कुकचा अमेरिकन

एकट्या चालकाच्या शेजारी येऊन बसणाऱ्या भुताची कथा आपल्या घाटरस्त्यांवर दोन रूपांत सांगितली जाते: एकात ते घरापर्यंत सोबत करते, दुसऱ्यात गाडी दरीत नेते. मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकमध्ये मिळालेले रूप या दोहोंत बसत नाही. त्यातले भूत एका अमेरिकनाचे आहे. मुरलीधरकाकांनी एका रात्री ते उर्वी आणि निनाद या तरुण शेजाऱ्यांना सांगितले, आणि आपल्याच ऑफिसातल्या प्रतापवर गुदरलेली घटना म्हणून सांगितले.

बुधवार, १२ ऑगस्ट २०२०, रात्रीचे नऊ. संचारबंदी होती. इस्पितळाचे बंद पडलेले सर्व्हर सुरू करायला प्रताप परवाना घेऊन निघाला. गाडी जूनमध्ये धवलकडून विकत घेतलेली, लॉकडाउनमुळे तेव्हापासून दारातच उभी. धवल कॉलेजपासूनचा जिवलग. गाडीच्या पूजेचा नारळही त्यानेच फोडला होता. तेव्हा, दोस्ताला इथे म्हणतात तसे 'मेट' म्हणत, तो म्हणाला होता, "ब्रेक एकदम टकाटक, मेट!"

विमानतळाच्या जुन्या धावपट्टीजवळ गाडीत एरंडेलाचा वास आला.

"एरंडेल? काका, प्लीज!" उर्वी हसली.

"हसू नकोस. तेव्हा शर्यतीच्या इंजिनांत एरंडेलच घालत."

त्या धावपट्टीवर पन्नासच्या दशकात बॅनिंग नावाचा एक अमेरिकन उन्हाळाभर मोटारींच्या शर्यतींत उतरला, असे सांगतात. पहिल्या शर्यतीत त्याची अमेरिकन, डावीकडे स्टीअरिंग असलेली गाडी बंद पडली, दुसरी त्याने जिंकली, तिसरीत तो मेला. ब्रेक निकामी होत आल्याचे त्याच्या मेकॅनिकला ठाऊक होते. शर्यत हुकू नये म्हणून त्याने नुसता अंगठा वर करून दाखवला.

"अँड ही वॉज हिज मेट?" निनादने विचारले.

काका म्हणाले, "सख्खा."

वळण आले. प्रतापने ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला... काहीच नाही. समोर तळे. वास दाटला. डावीकडची रिकामी सीट करकरली. कुणीतरी... श्वास घेतला.

गाडी थांबली. पाणी हातभर अंतरावर.

सीट रिकामीच होती. प्रतापने धवलला फोन लावला.

"ब्रेक गेलेत. तुला माहीत होतं?"





"अरे, सांगणारच होतो... म्हटलं, लॉकडाउनमध्ये तू कुठे चालवणार!"

प्रताप म्हणाला, "पूजा तू केलीस रे."

पलीकडून फोन ठेवला गेला.

तासाभराने गाडी ओढून नेणारा माणूस आला. त्याने डावीकडचे दार उघडून विजेरी मारली. तिथे, जिथे ब्रेक नसतोच, पायाखालचा पत्रा खोल दबला होता. बुटाएवढा.